टॉवेलात उरलेला पेरॉक्साईड आणि कागदाचा संवेदक : सोलापुरातील एक प्रकरण

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचे ब्लीचिंग आणि डाईंग करणारे एक मध्यम आकाराचे प्रोसेस हाऊस आहे. फिरोजी आणि गडद निळ्या लॉटमध्ये अधूनमधून शेड फिकी उतरते, कधी एकाच टॉवेलवर पॅच पडतात आणि सगळा माल पुन्हा रंगवावा लागतो, ही तेथील जुनी डोकेदुखी होती. डाईंग मास्तरांचा संशय रंगावर नव्हता. तो ब्लीचनंतर कापडात मागे राहणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साईडवर होता. त्याच सुमारास शहरातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात पदव्युत्तर वर्गाचे दोन विद्यार्थी कागदावर पर्यावरणपूरक फोटॉनिक, म्हणजे प्रकाशावर चालणारे, उपकरण बनवण्याच्या प्रकल्पासाठी एखादी खरी गरज शोधत होते. कारखान्याला स्वस्त पट्टी हवी होती आणि विभागाला प्रकल्प हवा होता. हे दोन हेतू एक नव्हते, आणि पुढे जे घडले त्यातील बराचसा भाग या फरकातून आला, म्हणून तो सुरुवातीलाच नोंदवलेला बरा.

आधी गरज नेमकी कोणती ते पाहू. कोऱ्या टॉवेलाची खळ काढल्यावर तो कॉस्टिक, सोडियम सिलिकेट आणि पेरॉक्साईड यांच्या द्रावणात ९० अंश सेल्सिअसच्या वर ब्लीच होतो. त्या द्रावणाचा पीएच १०.५ ते ११ च्या आसपास ठेवलेला असतो. ब्लीच संपला तरी पेरॉक्साईड संपूर्ण संपत नाही, आणि रिॲक्टिव्ह रंग त्याच्या संपर्कात आला की रंगाच्या रेणूचेच ऑक्सिडेशन होऊन शेड मार खाते. उपाय तीन आहेत. गरम पाण्याच्या धुण्यावर धुणी देत राहणे हा पहिला. पण ज्या शहराचे पाणी उजनीहून येते आणि जेथे नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर घरोघरी आठवडा आखला जातो, तेथे हा उपाय परवडणारा नाही. हायपो (सोडियम थायोसल्फेट) किंवा बायसल्फाईट टाकून पेरॉक्साईड मारणे हा दुसरा. त्यात सांडपाण्यातील क्षार वाढतात आणि हायपो जास्त पडला तर तोच रंग खातो. तिसरा उपाय कॅटलेज या एन्झाइमचा आहे. ते ४० ते ५० अंशांना, उदासीन पीएचला पेरॉक्साईडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते आणि रंगाला हात लावत नाही. या कारखान्यात कॅटलेजच वापरले जात होते. प्रश्न एवढाच होता की एन्झाइमने काम पुरते केले आहे हे रंग सोडण्यापूर्वी कळायचे कसे. त्यासाठी आयात केलेल्या, प्लास्टिकच्या पट्टीवर छोटी गादी चिकटवलेल्या चाचणीपट्ट्या मिळतात. त्या चांगल्या आहेत. पण महाग आहेत, डबी उघडल्यावर दमट हवेत खराब होतात, आणि रंग तक्त्याशी जुळवताना ट्यूबलाइटच्या उजेडात दोन माणसे दोन आकडे सांगतात.

विद्यार्थ्यांनी पहिला प्रस्ताव आणला तो चांदीच्या नॅनोकणांचा. गाळणकागदावर चांदीचे नॅनोकण बसवले की कागद पिवळा दिसतो, कारण त्या आकाराच्या कणांमधील इलेक्ट्रॉन सुमारे ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशाशी एकत्र डोलतात आणि तो प्रकाश शोषतात. पेरॉक्साईडने चांदीचे ऑक्सिडेशन झाले की पिवळेपणा उतरतो. अशाच कागदावर रामन वर्णपट, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशातून दिसणारी रेणूची ओळखखूण, कित्येक पटींनी ठळक होतो, त्यामुळे पुढे सांडपाण्यातील रंगाचे अवशेषही ओळखता येतील, अशी जोड त्यांनी दिली होती. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला याची ओढ वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु सोलापूरचे बोअरचे पाणी कठीण असते आणि त्यात क्लोराईड असते, आणि क्लोराईडमुळे चांदीचे कण गोळा होतात किंवा सिल्व्हर क्लोराईड बनते, म्हणजे पेरॉक्साईड नसतानाही रंग बदलतो. शिवाय चांदीचे आयन जिवाणूंना मारक आहेत, आणि वापरलेली पट्टी धुण्याच्या पाण्याबरोबर जेथे जाते त्या शुद्धीकरण प्रकल्पात सगळे काम जिवाणूच करतात. पर्यावरणपूरक म्हणून बनवलेल्या वस्तूने त्याच जिवाणूंना त्रास द्यावा, हा प्रस्ताव विभागाने बाजूला ठेवला आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

दुसरा पर्याय सिरियम ऑक्साईडच्या नॅनोकणांचा होता. पेरॉक्साईड लागला की असा कागद पांढऱ्याचा पिवळा-नारिंगी होतो. एन्झाइम लागत नाही आणि कोरडी पट्टी बराच काळ टिकते. अमेरिकेतील क्लार्कसन विद्यापीठात सिल्व्हाना आंद्रेस्कू यांच्या गटाने २०११ मध्ये याच तत्त्वावर कागदी चाचणी प्रसिद्ध केली होती. हा पर्याय राखून ठेवला गेला. प्रत्यक्षात निवड झाली ती सर्वांत जुन्या आणि साध्या रसायनाची : पोटॅशियम आयोडाईड आणि स्टार्च. पेरॉक्साईड आम्लाच्या सोबतीने आयोडाईडचे आयोडीन करतो, आयोडीन स्टार्चच्या साखळीत शिरते आणि निळा रंग उमटतो. अमोनियम मॉलिब्डेट चिमूटभर असले की ही क्रिया झटपट होते. मास्तरांना यात नवे काही वाटले नाही. खळ पूर्ण निघाली की नाही हे पाहण्यासाठी कापडावर आयोडीनचा थेंब टाकण्याची रीत प्रत्येक प्रोसेस हाऊसमध्ये आहे. येथे तीच चाचणी उलटी चालते, स्टार्च ठाऊक आहे आणि आयोडीन शोधायचे आहे.

कागद कोणता, या प्रश्नावर मात्र प्रकल्प बराच काळ अडकला, आणि या प्रकरणातील शिकण्यासारखा भाग तेथेच आहे. पहिल्या पट्ट्या झेरॉक्सच्या कागदावर केल्या गेल्या, कारण तो हाताशी होता. त्या पट्ट्या जवळजवळ निकामी निघाल्या. या कागदात भरणी म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि पट्टीत घातलेले सायट्रिक आम्ल ते कार्बोनेटच खाऊन टाकते. आम्ल गेले की आयोडीन सुटण्याची क्रिया मंदावते. त्याच्या पृष्ठभागावर आधीच स्टार्चचा लेप असतो, तोही सगळीकडे सारखा नसतो. आणि कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात जे ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असते ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, त्यामुळे खिडकीजवळ घेतलेले वाचन आणि आतल्या खोलीत घेतलेले वाचन जुळत नाही. म्हणजे ज्या कागदाकडे कोरी पाटी म्हणून पाहिले जात होते त्याचे स्वतःचे रसायनशास्त्र होते आणि स्वतःचा प्रकाशही.

मग व्हॉटमन क्रमांक १ चा गाळणकागद आला. तो शुद्ध सेल्युलोजचा, भरणीशिवायचा आणि सुमारे १८० मायक्रोमीटर जाडीचा असतो. कागदी सूक्ष्मवाहिन्यांवरचे बहुतेक संशोधन, २००७ मध्ये हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हा विषय पुढे आणला तेव्हापासून, याच जातीच्या कागदावर झाले आहे. त्यावर पट्ट्या पहिल्याच प्रयत्नात नीट चालल्या. पण मालकांनी विचारले की बाहेरून आणलेला कागद वापरायचा असेल तर बाहेरून आणलेली पट्टी काय वाईट. हा प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त होता. त्यातून कारखान्यातच पडणाऱ्या सुती वेस्टेजपासून हातकागद करण्याची कल्पना निघाली. टॉवेलाच्या कडेची कात्रणे आणि तुटका धागा भरपूर असतो, आणि सुती चिंध्यांपासून हातकागद करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही; पुण्यात त्यासाठी संस्थाच आहे.

येथेही निवड करावी लागली. कोऱ्या सुतात कापसाचे नैसर्गिक मेण असते, त्यावर थेंब टाकला तर तो मोत्यासारखा बसून राहतो. रंगीत वेस्टेज तर उपयोगाचेच नाही. पांढऱ्या विक्रीच्या टॉवेलाला ब्राइटनर दिलेले असते. उरते ते फक्त ब्लीच केलेले पण ब्राइटनर न दिलेले वेस्टेज, आणि त्याच्यात तोच पेरॉक्साईड उरलेला असू शकतो जो पट्टीने शोधायचा आहे. त्यामुळे लगदा करण्यापूर्वी हे वेस्टेज कॅटलेजने धुऊन, स्वच्छ पाण्याने काढून, त्याच्या पाण्यात पट्टी बुडवून पाहण्याचा नियम घालावा लागला. हाताने गाळलेल्या तावाची जाडी कडेला आणि मध्ये वेगळी असते. म्हणून कडेची पट्टी काढून टाकून मधल्या भागातूनच तुकडे पंच केले जातात, आणि प्रत्येक तावातील काही तुकडे ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाने तपासल्याशिवाय तो ताव वापरात येत नाही.

आता प्रकाशाचा भाग. सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.५ आहे आणि हवेचा १. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश वारंवार वळतो, विखुरतो, म्हणून कोरडा कागद पांढरा दिसतो. त्या हवेच्या जागी १.३३ अपवर्तनांकाचे पाणी शिरले की हा फरक कमी होतो, विखुरणे घटते, आणि कागद अर्धपारदर्शक व करडा दिसू लागतो. म्हणजे पेरॉक्साईडचा एक रेणूही नसताना नुसत्या ओलीने परावर्तन उतरते. सुरुवातीच्या उपकरणाने ही उतरण पेरॉक्साईड म्हणून मोजली होती. उपाय असा केला की प्रत्येक पट्टीवर शेजारी दोन गोल ठेवले : एकात आयोडाईड, स्टार्च, आम्ल आणि मॉलिब्डेट, दुसऱ्यात आयोडाईड वगळून बाकी सगळे. दोन्ही एकाच वेळी एकाच पाण्याने भिजतात, आणि उपकरण त्यांचे गुणोत्तर काढते. पाणी किंचित मळके असले, टॉवेलातून सुटलेले थोडे रंगद्रव्य त्यात असले, तरी ते दोन्ही गोलांवर सारखेच पडते.

पट्टीखाली काय आहे यानेही वाचन बदलते, कारण ओला कागद इतका पातळ आहे की काही प्रकाश आरपार जाऊन खालच्या पृष्ठभागावरून परत येतो. स्टीलच्या टेबलावर एक आकडा आणि लाकडी फळीवर दुसरा येत असे. त्यासाठी पट्टीमागे त्याच कागदाचे चार थर कायम बसवले गेले. निळेपणा आणि तीव्रता यांचे नाते सरळ रेषेत यावे म्हणून परावर्तनाचा आकडा जसाच्या तसा न घेता १९३१ चे कुबेल्का-मुंक सूत्र वापरले. त्यात परावर्तन एकातून वजा करून वर्ग करतात आणि परावर्तनाच्या दुपटीने भागतात. कमी तीव्रतेला ते चांगले चालते, जास्तीला वक्र वाकतो. पण येथे मोजायची आहेत ती काही मिलिग्रॅम प्रति लिटरच, त्यामुळे वाकणाऱ्या भागाची चिंता करण्याचे कारण नव्हते.

वाचन-यंत्र अगदी साधे आहे. आयोडीन-स्टार्चचा निळा रंग ६०० नॅनोमीटरच्या आसपास तांबडा-नारिंगी प्रकाश शोषतो, म्हणून ६२५ नॅनोमीटरचा तांबडा एलईडी, प्रकाश मोजणारे दोन फोटोडायोड आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर. एलईडी बंद ठेवून एक वाचन, चालू करून दुसरे, आणि दोघांतील फरक घेतला की बाहेरच्या उजेडाचा उरलासुरला हिस्सा वगळला जातो. मोबाईलच्या कॅमेऱ्याने हेच करता आले असते, परंतु कॅमेरा रंगाचा समतोल आपोआप बदलतो आणि प्रत्येक फोन तो वेगळा बदलतो, त्यामुळे तो मार्ग सोडला. उजेड आत येऊ नये म्हणून प्लास्टिकची डबी छापण्याऐवजी विद्यार्थ्यांनी सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन घेतले, आतून काळे केले आणि एकात एक बसवले. असे कोन पॉवरलूमच्या गाळ्यांतून पोत्याने मिळतात.

प्रयोगशाळेत बरोबर चालणारी पट्टी कारखान्यात नेल्यावर मात्र ती सतत पांढरीच राहू लागली. "सर, पट्टी सांगते पाणी क्लीन हाय, आन् टॉवेलावर तर पॅच पडालेत की," असे मास्तर म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. कारणे एकाहून अधिक निघाली. ब्लीचचे पाणी अल्कधर्मी असते, आणि अल्कलीत सुटलेले आयोडीन पुन्हा रंगहीन रूपात जाते. पट्टीतले सायट्रिक आम्ल अशा पाण्यापुढे अपुरे पडत होते. पाणी थेट मशिनीतून, वाफाळते घेतले जात होते, आणि आयोडीन-स्टार्चचा निळा रंग उष्णतेने उडतो व गार झाल्यावर परत येतो, पण तोवर वाचन झालेले असे. एका पाळीत कॅटलेजची बाटली संपल्यामुळे हायपो टाकला गेला होता. हायपो पेरॉक्साईडशी सावकाश भिडतो आणि आयोडीनला मात्र तत्काळ गिळतो, त्यामुळे पेरॉक्साईड असतानाही पट्टी कोरी राहते. हे तिन्ही दोष एकाच दिशेचे आहेत. पट्टीने नसलेला पेरॉक्साईड दाखवला तर फार तर एक धुणे वाया जाते. असलेला लपवला तर अख्खा लॉट जातो.

त्यानंतर पट्टीतील आम्लाचे प्रमाण वाढवले, नमुना लहान पेल्यात गार करून घेण्याची सक्ती केली, आणि हायपो वापरलेल्या लॉटवर ही पट्टी वापरायची नाही असे मशिनीवरच लिहून लावले. चौथे कारण रसायनाचे नव्हते आणि ते मास्तरांनीच दाखवले. त्यांनी नमुना टाकीतल्या पाण्याचा घेतला नाही. टॉवेलाचे टोक उचलून, लूप मुठीत दाबून, बोटांमधून गळलेले चार थेंब पट्टीवर सोडले. टाकीच्या पाण्यावर पांढरी राहिलेली पट्टी या थेंबांवर निळी झाली. टेरीच्या दाट लुपांत ब्लीचचे पाणी अडकून बसते. बाहेरचे पाणी स्वच्छ झाल्यावरही आतले नसते, आणि पॅच पडतात ते तेथूनच. तेव्हापासून नमुना पिळूनच घेतला जातो. संवेदकाच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा या एका बदलाने निदान अधिक सुधारले, असे मला वाटते.

उन्हाळ्याने आणखी एक अडचण दाखवली. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी असते. पट्टीवरचा थेंब कडेने वेगाने सुकतो, सुकणाऱ्या कडेकडे आतले पाणी ओढले जाते आणि निळा रंग मध्यभाग सोडून कडेला गोळा होतो. फोटोडायोड मात्र मध्यभाग पाहत असतो. यावर चिकटपट्टी लावावी असा एक विचार होता, पण बाजारातील पारदर्शक टेप बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि तो लावला की पट्टी कागदी म्हणवून घेण्याचा अर्थ उरत नाही. त्याऐवजी थेंब पडल्यापासून ६० सेकंदांनी, कागद पुरता ओला असतानाच, यंत्र स्वतः वाचन घेते. दोन गोलांमध्ये पाणी पसरू नये म्हणून आधी पॅराफिन मेणाची रेघ होती. पत्र्याच्या शेडमधल्या उष्णतेत ती मऊ पडत असल्याने आता दोन गोल वेगवेगळे पंच करून त्यांच्यामध्ये नुसती फट ठेवली आहे. फटीला काही खर्च नाही आणि ती वितळत नाही.

पर्यावरणपूरक या शब्दाचा हिशेब येथे करणे भाग आहे. फेकली जाते ती पट्टी : सुती कागद, स्टार्च, सायट्रिक आम्ल, थोडे आयोडाईड आणि मॉलिब्डेटचा अंश. त्यात प्लास्टिक नाही, जड धातूंपैकी मॉलिब्डेनम आहे पण अत्यल्प. टिकते ते यंत्र, आणि त्यातील एलईडी, बोर्ड व सेल हा शेवटी ई-कचराच आहे. म्हणून सेल बदलता यावा आणि पुठ्ठा भिजून गेला तर फक्त पुठ्ठा बदलावा, अशी रचना ठेवली. सर्किटही कागदावर छापावे, एकदा वापरून सगळेच फेकावे, असा आग्रह एका विद्यार्थ्याचा होता. मला तो पटला नाही. चांदीच्या शाईने छापलेले सर्किट प्रत्येक चाचणीमागे फेकणे हे एकच बोर्ड कित्येक वर्षे वापरण्यापेक्षा स्वच्छ कसे ठरते, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. या सगळ्यापेक्षा मोठा फायदा पट्टीबाहेर आहे : पेरॉक्साईड संपल्याची खात्री वेळेवर झाली तर सवयीने दिली जाणारी जादा गरम धुणी टळतात, आणि वाचणारे पाणी व वाफ यांच्यापुढे पट्टीचा कागद किरकोळ आहे.

यंत्राच्या तोंडावर काय दाखवायचे यावरून शेवटपर्यंत मतभेद राहिला. मालकांना मिलिग्रॅमचा आकडा हवा होता. मास्तरांना रात्रपाळीच्या माणसासाठी दोन दिवे पुरेसे वाटत होते. विभागाने दिवे बाहेर ठेवले आणि आकडा आतल्या नोंदीत, कारण हातकागदाच्या तावागणिक होणारा फरक पाहता एक-दोन मिलिग्रॅमपर्यंतचा नेमकेपणा सांगणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

अनुत्तरित राहिलेला मुख्य प्रश्न साठवणीचा आहे. उजेड आणि हवा लागली की आयोडाईड स्वतःहून पिवळे पडते आणि पट्टी वापरण्याआधीच निळी होऊ लागते. पावसाळ्यात, दमट हवेत, हे अधिक वेगाने होईल. सध्या पट्ट्या काळ्या कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलसोबत ठेवल्या जातात, आणि बाजूला सिरियमच्या पट्ट्यांचा एक संच तुलनेसाठी तसाच ठेवला आहे. कारखाना आणि विभाग यांच्यात ठरले आहे ते असे : संपूर्ण पावसाळाभर ठेवलेल्या पट्ट्या टायट्रेशनशी, म्हणजे द्रावण मोजून टाकत केलेल्या नेमक्या चाचणीशी, ताडून पाहिल्याशिवाय आयात केलेल्या पट्ट्यांची डबी मास्तरांच्या ड्रॉवरमधून हलणार नाही, आणि दिवा व डोळा यांचे पटले नाही त्या लॉटचा निर्णय टायट्रेशनवरच होईल.